रिलीज बोर्डानं कारण लिहिलंच पाहिजे

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत कुणीच गेलं नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. अपशिंग्याचं तर नावच अपशिंगे मिलिटरी पडलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं कामी आली. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 ला निघालं ते पण साताऱ्यातच. हे सगळं आपण स्टेजवरनं अभिमानानं सांगतो, सांगितलंच पाहिजे. पण जवान रिटायर होऊन घरी यायच्या आधी त्याची जी शेवटची मेडिकल होते, रिलीज मेडिकल बोर्ड, त्याबद्दल गावात कुणी अवाक्षर काढत नाही. आणि त्या एका कागदावर ठरतं की पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच्या मोडलेल्या गुडघ्याची, गेलेल्या कानाची, वाढलेल्या बीपीची जबाबदारी सरकारची का त्याची एकट्याची.

माझं म्हणणं साधं आहे. बोर्डाला जर लिहायचं असेल की हा आजार नोकरीमुळं झालेला नाही आणि नोकरीमुळं वाढलेला पण नाही, तर का नाही ते त्या जवानापुरतं, त्याच्या पोस्टिंगा बघून, त्याच्या कामाचा विचार करून लिहावं. तसं लिहिता येत नसेल तर आजार नोकरीमुळंच आलाय असं धरून डिसेबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन, सुरू करावी. त्यासाठी त्याला वकील गाठायची, ट्रिब्युनलला, म्हणजे फौजींच्या वेगळ्या कोर्टात, जायची वेळ येऊच नये.

आता ज्यांच्या घरात कुणी फौजी नाही त्यांच्यासाठी थोडं इस्कटून सांगतो. भरतीला पोरगं जातं तेव्हा डॉक्टर त्याला डोक्यापासून तळपायापर्यंत तपासतात. गुडघे एकमेकाला लागतात म्हणून, तळपाय सपाट आहे म्हणून, कानात मळ आहे म्हणून सुद्धा पोरं बाहेर निघतात, आमच्या कोरेगाव-खटाव भागातल्या कुठल्याही अकॅडमीत विचारा, असली दहा पोरं भेटतील. म्हणजे जो आत गेला तो ठणठणीत होता हे फौजेच्याच डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं. त्याला शेप वन म्हणतात. मग कुणी सतरा वर्षं, कुणी चोवीस वर्षं नोकरी करतो, मधीच कधीतरी बीपी निघतं, शुगर निघते, मणका सरकतो, कॅटेगरी लागते, लो मेडिकल होतो, म्हणजे पूर्ण फिट नाही असं कागदावर येतं, आणि जायच्या आधी बोर्ड बसतं. बोर्डावर तीन डॉक्टर. त्याआधी ज्या त्या विषयाचा स्पेशालिस्ट आपलं मत देतो. फॉर्ममध्ये रकाने असतात: आजार सेवेमुळं झाला का, सेवेमुळं वाढला का, का सेवेशी संबंधच नाही. त्याच्यापुढं टक्केवारी. खाली जवानाची सही.

दोन दारं आहेत आणि दोन्ही उघडी पाहिजेत. एक, आजार सेवेमुळं झाला किंवा वाढला असं लिहिलेलं पाहिजे. दोन, टक्केवारी किमान 20 पाहिजे. त्यातलं एक जरी बंद झालं तरी पूर्ण मुदत भरून आलेल्या जवानाला डिसेबिलिटीचा एक रुपया मिळत नाही. सेवेशी संबंध नाही असा शेरा पडला की टक्केवारी 30 असो नाहीतर 50, तिला काही अर्थ राहत नाही. आणि शेरा बाजूनं पडला पण टक्केवारी 15 ते 19 लागली तरी तेच. 2019 ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की मुदत पूर्ण करून आलेल्याला वीसच्या खाली मिळणार नाही, त्यामुळं त्या दरवाजाला आता कडीच लागलीय.

पैशाचं पण सांगतो, कारण ही काय फार मोठी रक्कम असेल म्हणून सरकार काटेकोर वागत असेल असं लोकांना वाटतं. शंभर टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग, असतो शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. समजा हवालदाराचा हिशोबाला धरायचा पगार 45,000 आहे. शंभर टक्क्याला झाले 13,500. त्याचं अपंगत्व 30 टक्के असेल तर होतात 4,050, आणि राउंडिंग ऑफ मिळालं, म्हणजे वीस ते पन्नासच्या मधल्याला पन्नास धरलं, तर 6,750. वर महागाई. हे राउंडिंग पण आधी फक्त मेडिकलवर घरी पाठवलेल्यांनाच देत होते, मुदत पूर्ण केलेल्यांना सुप्रीम कोर्टाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालानंतर मिळायला लागलं, म्हणजे ते पण कोर्टात भांडूनच. महिना सहा-सात हजार. खेड्यात घर चालवणाऱ्या माणसाला ह्या पैशानं फरक पडतो, देशाच्या तिजोरीला नाही.

माझे एक चुलते तोफखान्यात होते. 105 एमएमच्या फील्ड गनवर त्यांची बरीचशी नोकरी गेली, नंतर बोफोर्सवर. आज त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोललं तर त्यांना निम्मं कळत नाही, फोन आला की स्पीकर लावतात आणि मग अख्ख्या वाड्याला कळतं काय चाललंय ते, लग्नकार्यात चार माणसं एकदम बोलायला लागली की उठून बाहेर जाऊन बसतात. काकी म्हणते त्यांना राग येतो, मला वाटतं त्यांना लाज वाटते. बोर्डाच्या वेळी त्यांना एका छोट्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटन दाबायचं, ती टेस्ट नीट झाली, त्याबद्दल तक्रार नाही. डॉक्टर पण सभ्य होते, चहा घेतला का म्हणून विचारलं असं ते अजून सांगतात. पण कागदावर आलं काय? सेवेशी संबंध नाही. आणि कारणाच्या रकान्यात एक ओळ, इंग्रजीत, की आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगला, झाली, फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडच्या ताणाशी जवळचा संबंध दिसत नाही.

ही ओळ मी कितीतरी जणांच्या कागदावर बघितलीय. बीपीवाल्याच्या, शुगरवाल्याच्या, आणि चुलत्यांच्या कानाच्या कागदावर पण तीच. आता तोफ कुठं वाजते? लढाई चालू नसताना ती रेंजवर वाजते, देवळालीला वाजते, राजस्थानात महाजनच्या रेंजवर वाजते, आणि युनिट पीसला असतानाच पोरांना प्रॅक्टिसला तिकडं नेतात. पीस स्टेशन हा शब्द सरकारी पोस्टिंगचा आहे, कानाच्या पडद्याला पीस आणि फील्ड कळत नाही. ज्या माणसानं उमेदीची वर्षं तोफेच्या शेजारी उभं राहून काढली, जुन्या काळात कानात कापूस कोंबून काढली, त्याच्या कानाबद्दल लिहिताना तो कुठल्या ट्रेडचा, म्हणजे फौजेत कुठल्या कामाचा, होता ह्याचा एक शब्द नाही. मग तपासलं काय? कान तपासला, माणूस नाही तपासला.

चुलत्यांनी अपील केलंच नाही. घरी आले, घराचा स्लॅब टाकायचा होता, पोरीचं लग्न होतं, लेटर ट्रंकेत गेलं. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, "आपुन सही केली ना त्याच्यावर, आता काय बोलायचं?" फौजी माणूस सहीला फार मानतो. पण ती सही करताना त्या इंग्रजी ओळीचा अर्थ काय, तिच्यामुळं काय जाणार, हे त्याला समजावून सांगितलेलं नसतं. घरी जायची घाई असते, क्लिअरन्सचे कागद फिरवायचे असतात, समोर तीन अधिकारी बसलेले असतात आणि हा अजून वर्दीत असतो. त्या खोलीत साहेबाला उलटा प्रश्न विचारायची सवय आपण त्याला नोकरीभर लावलेली नाही, मग शेवटच्या आठवड्यात ती कुठनं येणार?

आणि हे मी काहीतरी नवीन मागतोय असं समजू नका. 2 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग केसमध्ये हे सगळं सांगून टाकलंय. तो सिग्नल्सचा जवान, 1985 ला भरती झाला, 1994 ला फिट्सच्या आजारावर घरी पाठवला, 20 टक्के अपंगत्व, आणि बोर्ड म्हणालं सेवेशी संबंध नाही. कोर्टानं म्हटलं भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत आला असं धरायचं, नसेल आला तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर आहे जवानावर नाही, शंका असेल तर तिचा फायदा जवानाला, आणि बोर्डानं कारणं दिलीच पाहिजेत. तारखा बघा, 1994 ला घरी आणि 2013 ला न्याय. एकोणीस वर्षं. एवढ्यात भरतीला गेलेलं पोरगं पेन्शनीत येतं.

बरं, 2013 नंतर तरी थांबलं का? नाही थांबलं. एप्रिल 2025 ला परत सुप्रीम कोर्टापुढं सियाचिनमध्ये ड्युटीवर असताना फिट्स आलेल्या जवानाची केस, परत तोच निकाल. मे 2025 ला अजून एक, मानसिक आजारावर घरी पाठवलेला जवान, बोर्डानं कारण दिलेलं नाही म्हणून कोर्टानं पेन्शन द्यायला लावली. मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं डायबेटिसच्या केसमध्ये सांगितलं की आजार पीस स्टेशनला सुरू झाला एवढं लिहून भागत नाही, 2008 चे डिसेबिलिटी पेन्शनचे नियम लावले तरी कारण द्यायची जबाबदारी बोर्डाचीच. म्हणजे बारा वर्षं झाली तरी कोर्ट तेच सांगतंय आणि कागदावर तीच ओळ येतेय. मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना 2015 ला त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती, फौजींच्या विरोधातले खटले कमी कसे करता येतील ते बघायला, आणि डिसेबिलिटी पेन्शनच्या केसमध्ये सरकारनं अपिलात जायचं थांबवावं असंच तिचं म्हणणं होतं. पर्रीकर गेले, अपिलं चालूच आहेत.

ज्यांनी अपील केलं नाही किंवा उशिरा केलं त्यांचं अजून वाईट. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा तरसेम सिंग निकाल आहे, उशिरा कोर्टात आलास तर दावा ऐकू पण थकबाकी मागच्या तीन वर्षांचीच. म्हणजे आमच्या चुलत्यांसारखा माणूस दहा वर्षांनी गेला आणि जिंकला तरी सात वर्षांचे पैसे गेले ते गेलेच, चूक बोर्डाची असली तरी.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही आणि ती लपवून मला हा लेख लिहायचा नाही. फौजेतले पण लोक सांगतात की काहीजण जायच्या आधी वर्षभर मुद्दाम बीपी दाखवत फिरतात, पेन्शनला जोड म्हणून आणि टॅक्सच्या सवलतीसाठी. मोठ्या हुद्द्यावरचे लोक पूर्ण नोकरी सुखात करून शेवटी डिसेबिलिटी घेऊन जातात ह्यावर बरीच चर्चा झाली, आणि 21 सप्टेंबर 2023 पासून नवे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे हे पैसे कुणाला द्यायचे ते ठरवणारे नियम, आले. ज्यांना नोकरीत ठेवून घेतलं त्यांच्यासाठी इम्पेअरमेंट रिलीफ हा नवा प्रकार आणला. सरकारचं म्हणणं गैरवापर थांबवायचाय. थांबवाच. ज्याचा पाय सुरुंगात गेला त्याच्या रांगेत खोटा बीपीवाला उभा राहत असेल तर सगळ्यात आधी राग फौजीलाच येतो.

पण खोटा माणूस पकडायचा कसा? त्याच्या केसमध्ये डोकं घालून, त्याचं जुनं रेकॉर्ड वाचून, त्याला प्रश्न विचारून, आणि जे सापडलं ते कागदावर लिहून. म्हणजे परत कारणच लिहायला लागतं. ठराविक एक ओळ सगळ्यांवर मारली तर त्यात खरा पण मरतो, आणि खोटा असतो तो हुशार असतो, त्याला ट्रिब्युनलचा रस्ता माहीत असतो, तो वकील लावून बोर्डानं कारण दिलं नाही ह्याच मुद्द्यावर जिंकून येतो. अडकतो तो माणमधल्या दुष्काळी गावातला शिपाई ज्याला मुंबईचं ट्रिब्युनल कुठं आहे ते पण माहीत नाही. नियम कडक केल्यानं हे बदलत नाही. बोर्डाला लिहायला लावल्यानं बदलेल.

डॉक्टरांना पण मी दोष देत नाही. एकेका दिवशी किती बोर्डं असतात, शिवाय ओपीडी, वॉर्ड, वरनं पाहणी. आणि ती ठराविक भाषा त्यांनी घरात बसून काढलेली नाही, मेडिकल ऑफिसरसाठी जी सरकारी गाइड आहे तिच्यात कुठला आजार कुठल्या पोस्टिंगला धरायचा ते दिलेलंय, त्यातनं ती येते. गाइड म्हणजे वाट दाखवायला असते, पण तिच्यातलं वाक्य उचलून निकाल म्हणून चिकटवलं की डॉक्टरच्या डोळ्यांचा आणि हाताचा उपयोग काय राहिला? ज्या डॉक्टरनं अठरा वर्षांचं शिक्षण आणि अनुभव लावून माणूस तपासला त्याला चार ओळी स्वतःच्या लिहायला वेळ द्या, तेवढा मागण्याचा अधिकार त्याला पण आहे.

अमेरिकेत पण हा प्रश्न आहे, तिथं रिटायर झालेल्या सैनिकाला नंतर सुद्धा क्लेम टाकता येतो, मग सरकार त्याची वेगळी मेडिकल करतं, बऱ्याच वेळा बाहेरच्या कंत्राटी डॉक्टरकडून, आणि धावतपळत तपासलं अशी तक्रार तिथले सैनिक पण करतात. पण तिथं डॉक्टरला ठरवायचं असतं की आजार नोकरीमुळं आला असण्याची शक्यता निम्मी तरी आहे का, आणि पारडं समान असलं तर निकाल सैनिकाच्या बाजूनं. कारण पण लिहावं लागतं. 2022 ला त्यांनी कायदा करून उघड्यावर कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुरात काम केलेल्यांचे ठराविक आजार नोकरीमुळंच आले असं धरायला सुरुवात केली, सिद्ध करत बसायचं नाही. आपल्याकडं तोफखान्यातल्याचा कान, पॅराच्या जवानाचा गुडघा, रणगाड्यात बसून गेलेला मणका, ह्याला असं धरायला काय हरकत आहे? ट्रेड बघा आणि धरा. उलट सिद्ध करायचं असेल तर सरकारनं करावं.

हे आत्ताच बोलायला पाहिजे त्याला अजून एक कारण आहे, अग्निवीर. 2022 ला योजना आली, चार वर्षांची नोकरी, म्हणजे पहिली बॅच आता बाहेर पडायच्या टप्प्यावर. त्यांना डिसेबिलिटी पेन्शन नाही, एकरकमी पैसे आहेत, शंभर टक्क्याला 44 लाख, पंच्याहत्तरला 25 लाख, पन्नासला 15 लाख, आणि ते पण अपंगत्व सेवेमुळं आलं असं मेडिकलवाल्यांनी म्हटलं तरच. जुन्या जवानाला निदान साधी पेन्शन तरी होती, बोर्डानं नाही म्हटलं तरी चूल पेटत होती. ह्या पोराच्या हातात सेवानिधी, म्हणजे चार वर्षं संपल्यावर मिळणारी एकरकमी रक्कम, सोडून दुसरं काही नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी लंगडत घरी आला आणि कागदावर सेवेशी संबंध नाही अशी एक ओळ, तर त्या घरानं करायचं काय? आमच्या तालुक्यातनं किती पोरं अग्निवीर झालीत ते गावागावात माहीत आहे. त्यांच्या आईबापांनी आजच हा प्रश्न विचारायला पाहिजे.

विचारायचा कुणाला, तर सातारच्या आणि माढ्याच्या खासदारांना, कारण हा विषय जिल्हा परिषदेचा नाही की मुंबईच्या मंत्रालयाचा नाही, संरक्षण मंत्रालयाचा आहे. मागणी नेमकी करा. बोर्डानं नाही म्हटलं तर त्या जवानाचा ट्रेड, पोस्टिंगा आणि आजाराचा काळ धरून लेखी कारण, आणि ते नसेल तर पेन्शन मंजूर करणाऱ्या ऑफिसनंच फाइल परत पाठवायची. बोर्डाची कॉपी जवानाला सहीच्या आधी मिळाली पाहिजे, सोबत त्याला कळेल अशा भाषेत सांगणारा माणूस पाहिजे, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं असा माणूस सहज देता येईल, निदान फोनवर. आणि बोर्डाच्या तीन डॉक्टरांत एक तरी फौजेच्या बाहेरचा, सरकारी मेडिकल कॉलेजचा असावा. शेवटच्या मागणीला विरोध होईल हे मला माहीत आहे, फौजेची कामं बाहेरच्याला काय कळणार म्हणतील. पण कान, गुडघा आणि काळीज फौजेतलं पण तसंच असतं.

आणि जी पोरं ह्या वर्षी बाहेर पडणार आहेत त्यांना थांबायला वेळ नाही, त्यांच्यासाठी एवढं. नोकरीत पीटीला पडला, व्हॉलीबॉल खेळताना गुडघा गेला, एक्सरसाइजला गाडी उलटली, त्या त्या वेळी इंज्युरी रिपोर्ट बनवून घ्या, साहेब काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका, प्रमोशन जाईल म्हणून दुखणं लपवू नका, लपवलेलं दुखणं रिलीजच्या वेळी कुणी मानत नाही. प्रत्येक हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप आणि टेस्टचा कागद मोबाईलमध्ये फोटो काढून घरी पाठवून ठेवा. बोर्डाच्या फॉर्ममध्ये तुमचं स्वतःचं म्हणणं लिहायची जागा असते, तिथं आजार कधी, कुठल्या पोस्टिंगला, कुठलं काम करताना सुरू झाला ते पूर्ण लिहा, क्लार्कला भरायला देऊ नका. आणि क्लेम रिजेक्ट झाल्याचं लेटर आलं की ट्रंकेत टाकू नका, त्याच्यावरची तारीख बघा, बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग मागा, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागा, आणि सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील टाका.